ताईंची अकरा वाक्यं

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बीडला अर्ज भरला. जिल्हा समाजसेवक संघाच्या अध्यक्षपदाचा. पोचेवर तारीख नव्हती, ती घालून घेतली.

संघाचे सभासद एकशे त्रेचाळीस. त्यांतले एकशे एकोणतीस समाजकार्याची पदवी घेतलेले. उरलेले चौदा माझ्यासारखे, घटनेच्या कलम चार (ब) मधून आत आलेले : 'पदवी नसल्यास किमान वीस वर्षांचे अखंड क्षेत्रकार्य'. माझी सव्वीस झाली. त्यांतली शेवटची नऊ इथे नांदूरघाटच्या वसतिगृहात, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुली सांभाळण्यात. पदवीच्या दोन्ही वर्षांची पुस्तकं मी एका ग्रंथपालाच्या मेहरबानीने टिपणं काढून वाचली आहेत. परीक्षा तेवढी कोणी देऊ दिली नाही. आम्हा चौदांपैकी अध्यक्षपदाला आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं.

दुपारी फलकावर यादी लागली. नावं दोनच. विजयमालाताई, वय चव्वेचाळीस, एम.एस.डब्ल्यू. आणि मी, वय त्रेपन्न. शिक्षणाच्या रकान्यात आडवी रेघ. तरी त्या कागदापुढून पाय निघेना. आपलं नाव छापून अशा ठिकाणी लागलेलं पाहिलं की माणूस स्वतःलाच परका वाटतो. मी दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं.

आमच्या निवडणुकीची एक रीत आहे. अकरा वर्षांपूर्वी संघाची निवडणूक अगदी ग्रामपंचायतीच्या थाटात झाली. फलक, फटाके, मटणाच्या पंगती. तेव्हा पहिले अध्यक्ष राधाकिशन सर चिडले आणि त्यांनी प्रचारच बंद करून टाकला. आता प्रत्येक उमेदवाराने समोरच्याच्या कामावर एक दिवस जायचं, आणि मतदानाच्या दिवशी दहा मिनिटं फक्त त्या समोरच्याबद्दलच बोलायचं. स्वतःबद्दल एक शब्द निघाला की सर घंटी वाजवतात, भाषण तिथेच संपतं. त्याला आम्ही 'उलटं भाषण' म्हणतो. सर आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत, पण घंटी अजून त्यांच्याच हातात.

मी विचारलं, "सर, समोरच्याचा दोष सांगितलेला चालतो का?"

"खरा असेल तर खुशाल सांगा."

हे लक्षात ठेवलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

भाषणाचा कच्चा खर्डा केला. विजयमालाताई नेकनूरच्या आसपास बारा गावांत एकट्या काम करतात, शाळा सुटलेल्या मुलींसाठी. एकोणीस वर्षं. पण नोंद म्हणून नाही. ना केसपेपर, ना भेटीचं रजिस्टर. जे लिहिलेलं नाही ते झालं याला पुरावा काय? हा पहिला मुद्दा. माझ्याकडे नऊ वर्षांची एकतीस रजिस्टरं आहेत, कोणत्या मुलीला कोणत्या तारखेला ताप होता ते सांगू शकतो. पण हे भाषणात सांगता येणार नाही. घंटी.

सत्यभामा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाईचं काम अजून बघितलं न्हाई, आन् भाषण लिवून मोकळे?"

"तयारी म्हणतात याला."

"लई तयार हायत तुमी," ती म्हणाली आणि सुपाकडे बघून हसली. बायकोला दाद देणं आमच्या घरात नाही, पण तिचं हसणं मला आवडलं नाही हे लिहून ठेवतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

ताई आल्या. सव्वानऊची वेळ ठरली होती, नऊ वाजून बारा मिनिटांनी दारात. खादीची पिशवी, रबरी चप्पल, बोलणं जवळजवळ नाहीच.

एकतीस रजिस्टरं टेबलावर सालवार मांडून ठेवली होती. त्यांनी एकही उघडलं नाही. सगळ्यांत वरच्या रजिस्टरवर नुसता हात ठेवला, जसा आपण दुसऱ्याच्या बैलाच्या पाठीवर ठेवतो, आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापणाऱ्या बाईंजवळ बसल्या. तास गेला. मग मुलींच्या खोलीत गेल्या, दार आतून लावलं, पुन्हा उघडलं. कडी मोडकी वाटली की काय! तिथे एक नाही, दोन कड्या आहेत, वर आणि खाली. मीच बसवून घेतल्या आहेत.

निघताना एकच प्रश्न विचारला : "भाऊ, खाटा किती मोकळ्या आहेत?"

"चाळीसपैकी दोन. क्रमांक सतरा आणि अठ्ठावीस."

"बरं," म्हणाल्या.

सव्वीस वर्षांचं काम, आणि या बाई माझ्याबद्दल दहा मिनिटं काय बोलणार? अपमान झाल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज जे पाहिलं ते क्रमवार लिहितो, नाहीतर मलाच पुढे खरं वाटणार नाही.

सकाळी नेकनूरला बसमधून उतरलो. ताई थांबल्या होत्या. तिथून तीन किलोमीटर पायी, माळावरच्या मेंढपाळांच्या वस्तीवर. वाटेत त्यांनी एवढंच सांगितलं : सटवा आणि सारजाबाई यांची मुलगी योगिता, वय पंधरा वर्षं चार महिने, नववीतून श्रावणात शाळा सुटली. तुळशीचं लग्न झालं, आता तेवीस तारखेला हिचं लावणार, आणि मग मेंढरं घेऊन सहा महिने बाहेर.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचलो. घर म्हणजे पत्र्याची एक खोली, दाराच्या जागी पोत्याचा पडदा. पुढे काट्याच्या कुंपणात मेंढरं आणि त्यांची कातरणी चाललेली. सटवा कातर चालवत होता, सारजाबाई दुसरी मेंढी घेऊन बसलेली. योगिता मेंढरं कानाला धरून आणून देत होती. आमच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

मला वाटलं ताई आता विषय काढतील. त्यांनी चप्पल काढली, सारजाबाईजवळ जमिनीवर बसल्या आणि मेंढीचे मागचे पाय धरले. "गाभण हाय का ही?" एवढंच.

साडेनऊपर्यंत वाट पाहिली. वीस मिनिटं नुसती कातर वाजतेय. शेवटी मीच सांगितलं. बालविवाह प्रतिबंध कायदा, दोन हजार सहाचा. असं लग्न लावणाऱ्या आई-बापाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाईमाणसाला कैद नाही हेही सांगितलं, कारण अर्धवट सांगणं बरोबर नव्हे.

सटवाची कातर थांबली. माझ्याकडे त्याने नीट पाहिलं.

"सायेब," तो म्हणाला, "मागचे पाय धरता येत आसतील तर धरा. न्हाईतर सावलीत बसा. मदी हुबं राहू नका, मेंढरं बुजत्यात."

ताईंनी नुसती मेंढी कुशीवर वळवली. ना माझी बाजू घेतली, ना माफी मागितली. मी पँट दुमडली आणि बसलो. पहिल्याच मेंढीने लाथ घातली, घड्याळाच्या काचेला तडा गेला. सारजाबाई पदराआड हसली. "सायेब, हात घट नका धरू. तिला वाटतंय तुमी कापताव."

तास गेला. लोकरीचा तेलकट वास हाताला चिकटला. आणि मला कळेना की हे काय चाललंय, पण काहीतरी चाललेलं होतं. ताई बसल्या होत्या तशा मी आजवर कोणाला बसलेलं पाहिलं नाही. त्या वाट पाहत होत्या असंही नाही. वाट पाहणाऱ्या माणसाचा चेहरा पुढे गेलेला असतो, यांचा तिथेच होता. देवळात माणसं अशी बसत असतील, मी बसत नाही. पाऊण तासाने मी त्यांची वाक्यं मोजू लागलो, आधीची आठवून जमा केली. "पाय सोडू?" "किती महिने बाहेर राहता?" अशी.

दहा चाळीसला सारजाबाई आपणहून बोलली. मेंढीशी बोलल्यासारखी, मान खाली घालून.

"पोरीला नेऊ कुठं, सांगा ताई. लोकाच्या रानात निजायचं, आज इथं, उद्या तिथं. सासूबाई व्हत्या तवर घरी ठेवली, शाळंत घातली. त्या श्रावणात गेल्या. पोरगी वाढली. इथं कोणाच्या भरवशावर टाकून जाऊ?"

"मग?" ताई म्हणाल्या.

"मग काय! लगीन. निदान तिथं दाराला कडी आसंल."

मी त्यांना कायदा सांगितला होता. त्यांना कायदा ठाऊक होता! त्यांना कडी पाहिजे होती.

यानंतर चाळीस मिनिटं कोणीच बोललं नाही. चाळीस. ताईंनी वर पाहिलं नाही, हातातला पाय सोडला नाही. आणि अकरा वीसला मला एकाएकी सुचलं. माझं मलाच. मी म्हणालो, "आमच्या वसतिगृहाच्या दाराला दोन कड्या आहेत. वर एक, खाली एक. आतून."

योगिताच्या हातातली मेंढी सुटली. अर्धी कातरलेली, अर्धी लोकर लोंबवत ती माळावर पळाली, आणि योगिता तिच्यामागे. सारजाबाई हसता हसता डोळे पुसू लागली.

मग सटवाने प्रश्न विचारले. भिंत किती उंच? सात फूट दोन इंच. मुलींत निजतं कोण? दोन बायका, एक दाराजवळ, एक खिडकीजवळ. साप निघतो का? नऊ वर्षांत तीन, सगळे बाहेर. "माझं नाव सांगून कोणी न्यायला आलं तर?" तुमचा आणि सारजाबाईंचा फोटो आणि अंगठा रजिस्टरला, तिसऱ्या माणसाला फाटकाच्या आत पाय नाही. "तुमच्या मालकाचा फोन आला तर?" तरी नाही.

अकरा पन्नासला तो उठला, हात धुतले. म्हणाला, "ताई, तेवीसचं न्हाई म्हणून सांगून टाकतो पोराकडच्यान्ला."

ताईंनी दोन तास चाळीस मिनिटांत एकूण अकरा वाक्यं उच्चारली. त्यांत "मग?" धरलं आहे. लग्न हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही.

परतताना बसमध्ये मी म्हणालो, "बरं झालं मला सुचलं."

"हो भाऊ," त्या म्हणाल्या. "लई बरं झालं."

९ नोव्हेंबर, रविवार

हाताचा वास जात नाही. सत्यभामेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बारा गावं हायत बाईकडं. तुमाला त्याच घरी कावून नेलं?"

"योगायोग."

"आसंल," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. तिला कामातलं काय कळतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

मोठी अडचण. आठवलं तेव्हा हातातला चहा निवला. नियम क्रमांक सात : 'प्रवेश फक्त ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींस'. मेंढपाळ त्यात बसत नाहीत. नियम मीच लिहिलेला आहे, सही माझीच. पुढाऱ्यांनी आपल्या नात्यातल्या मुली घुसवू नयेत म्हणून. शनिवारी चाळीस मिनिटं मला काही सुचलं नाही त्याचं कारण हेच असणार. माझ्याच भिंतीमागे मी बसलो होतो.

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांच्या शेतावर गेलो. ते उसाच्या बांधावर उभे. मी सांगितलं, नियम सात बदलायचा आहे, 'स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील' असं करायचं आहे.

ते एवढ्या मोठ्यानं हसले की बांधावरचे बगळे उडाले. "काय रे आदिनाथ! गेल्या साली माझ्या साडूच्या पोरीला हाच सात नंबर दाखवून वाटंला लावलंस. तवा म्हणालास, बाप आला तरी न्हाई. आता तुझा कोण बाप आला बे?"

"मेंढपाळ आहेत. मी शब्द दिला आहे."

"दे की बदलून, मला काय! पण मी गप बसणारा न्हाई. तुझ्या त्या संघात निम्मे माझ्या वळखीचे हायत. सांगणार मी, नियमाचा माणूस इलेक्शनच्या तोंडावर स्वतःच्याच नियमाला भोक पाडतो म्हणून."

लोक मला मत देतील ते 'नियमाचा माणूस' म्हणूनच. पदवी नाही, दुसरं माझ्याकडे आहे काय? घरी येऊन अर्धा तास कागद समोर धरला. मग सात क्रमांक खोडला, नवा लिहिला, तारीख घातली, सही केली. सुंदररावांनीही सही केली. हसत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

योगिता आली. खाट क्रमांक अठ्ठावीस. सटवा आत गेला, दार लावून घेतलं. बाहेर आम्ही सगळे उभे. वरची कडी वाजली, खालची वाजली. मग दार उघडून तो बाहेर आला, कोणाशी न बोलता फाटकाबाहेर गेला. सारजाबाई म्हणाली, "रडायला गेलेत. बघू नका तिकडं."

उद्या ते निघणार. मेंढरं किती ते मी विचारलं. सटवा म्हणाला, "आकडा न्हाई ठावं. एक कमी आसली की कळतं." मला वाटलं होतं न मोजता काही सांभाळता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बीडहून दोन सभासदांचे फोन. सुंदररावांनी सांगितलेलं पोचलं आहे. "तुम्हीसुद्धा, आदिनाथराव?" असं एकजण म्हणाला.

भाषण नऊ पानी. घड्याळ लावून म्हणून पाहिलं, नऊ मिनिटं पन्नास सेकंद. पहिला मुद्दा, नोंदी नाहीत, तो आधी होता तसाच ठेवला आहे. खरा आहे आणि तो माझ्या उपयोगाचा आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

एकशे सत्तावीस सभासद हजर. चिठ्ठीत माझं नाव आधी निघालं.

पानं समोर ठेवली आणि म्हणालो, "विजयमालाताईंकडे नोंदी नाहीत." मी पुढचं वाक्य वाचायला गेलो, आणि डोळ्यांपुढे सटवाचे हात आले. पानं तशीच ठेवून मी आठ तारखेचं सांगू लागलो, स्वतःला वगळून. किती वाजता काय, ते सगळं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. माणसं पुढे सरकून बसली. मला जे दिसत होतं ते त्यांना दिसत होतं, अशी जाणीव मला आयुष्यात पहिल्यांदा झाली.

कडीपर्यंत आलो. "यानंतर ताई चाळीस मिनिटं गप्प होत्या," म्हणालो, आणि माझाच आवाज बंद पडला.

पाच तारखेला, वसतिगृहात आल्या तेव्हा, त्यांनी दार आतून लावून पाहिलं होतं. खाटा किती मोकळ्या ते विचारलं होतं. आठ तारखेला मला त्या घरी नेलं. उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्यांनी सांगितलं असतं तर ते ताईंचं उत्तर झालं असतं, आणि मी नियम सात काढून दाखवला असता. माझ्या तोंडून निघेपर्यंत त्यांनी मेंढीचा पाय धरून ठेवला.

मी किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. घड्याळाकडे पाहिलंच नाही. डोंगर बघून माणसाचं जसं होतं तसं माझं झालं होतं. त्या तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या, पिशवी मांडीवर.

"ताई," मी म्हणालो, "तुमी माझ्यासाठी थांबला व्हतात."

घंटी वाजली.

"स्वतःचा उल्लेख झाला," राधाकिशन सर म्हणाले. "बसा." नियमाप्रमाणे बरोबर. चार मिनिटं शिल्लक होती. मी बसलो.

मग ताई उभ्या राहिल्या. नियम सात मी कसा बदलला ते त्यांनी आधीच सांगून टाकलं, लपवलं नाही. म्हणाल्या, "सटवाभाऊंनी सतरा प्रश्न विचारले. या माणसाने सतराही उत्तरं दिली, आणि एकदाही 'साधारण' हा शब्द वापरला नाही. भिंत सात फूट दोन इंच. ते दोन इंच ऐकले आणि सटवाभाऊंच्या खांद्यांतला ताण उतरला. मला एकोणीस वर्षांत असं उत्तर देता आलेलं नाही. म्हणून मी त्यांना घेऊन गेले." सरांचा हात घंटीकडे जाईपर्यंत एवढं बोलून त्या बसल्याही होत्या. दोन मिनिटं दहा सेकंद.

मी मत कोणाला दिलं ते गुप्त आहे. ताईंना दिलं.

निकाल : विजयमालाताई एकाहत्तर. मी पंचावन्न. एक बाद, त्यावर दोन्ही नावांपुढे खूण. इतका निष्काळजी सभासद कोण, कळलं नाही. निकाल ऐकताना ताई माझ्याकडे बघून ओशाळल्यासारख्या हसल्या, त्याचंही कारण कळलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हरलो. सकाळपासून तीन वेळा वाटलं की पानं वाचायला हवी होती. नोंदींचा मुद्दा नीट मांडला असता तर आठ-नऊ मतं इकडची तिकडे झाली असती. मी हिशेब करून पाहिला. पदवी नसताना निवडून आलेला पहिला माणूस झालो असतो. वाईट वाटतं, आणि आणखी बरेच दिवस वाटेल.

सुंदररावांचा फोन आला. "पडलास म्हणं. भोक महागात पडलं की बे." मी म्हणालो, "पंचावन्न मिळाली." त्यांनी फोन ठेवला. त्यांना एवढीसुद्धा अपेक्षित नव्हती.

सत्यभामेने निकाल पुन्हा एकदा सविस्तर ऐकला. माझं भाषण काय होतं, घंटी कधी वाजली, लोक कसे बसले होते. मग म्हणाली, "म्हंजे बाईला तुमीच निवडून आणलं की."

"मी कशाला आणीन! मी तिच्याविरुद्ध उभा होतो."

"तिनं तर दोनच मिंटं भाषण केलं, ते बी तुमचं कवतिक. मग तिला मतं पडली कुणाच्या बोलण्यानं?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं. तशी ती म्हणाली, "एकाहत्तर माणसं, सगळी शिकलेली. तुमी उठून सांगितलं, आन् त्यान्ला खरं वाटलं. कुणी इचारलं का, तुमचं शिक्षण किती?"

कोणी विचारलं नव्हतं.

चूल पेटत होती, ती फुंकायला वाकली. मी तिथेच उंबऱ्यावर बसून राहिलो. किती वेळ, ते लिहीत नाही.